योगासनांनी वजन उतरवायचं असेल तर क्रम असा ठेवा

"ताई, तीन महिने झाले, रोज अर्धा तास कपालभाती करतेय. काटा जागचा हलत नाही."

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या सकाळच्या वर्गात हे वाक्य दर पंधरा दिवसांनी कुणीतरी म्हणतंच. मी तीन प्रश्न विचारते. सुरुवातीला वजन किती होतं? "असेल पंचाहत्तरच्या आसपास." आसनं कुठल्या क्रमानं करता? "मोबाइलवर येतील तशी." वर्ग सुटल्यावर काय खाता? इथं बहुतेक जण आधी हसतात, मग सांगतात.

पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाच्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही. पण तयारी न करता, क्रम उलटा लावून केलेले कष्ट वाया जातात आणि ते बघवत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बाराव्या आठवड्यापर्यंत काय, कधी आणि कशानंतर करायचं ते इथं सविस्तर लिहिते.

आधी हिशोब समजून घ्या

योगासनांनी फिटनेस वाढतो का? हो, वाढतो. पाठ, गुडघे, तोल, दम, झोप या सगळ्यांत फरक पडतो. वजन कमी होतं का? होतं, पण एकट्या आसनांवर फार हळू.

७५ किलो वजनाच्या माणसानं पाऊण तास संथ आसनं केली तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. तेवढाच वेळ सूर्यनमस्कार घातले तर १८५ च्या आसपास. पाऊण तास झपझप चाललं तर २४०. यातल्या ५५-६० कॅलरी तर नुसतं बसून राहिलं तरी खर्च झाल्याच असत्या. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. आता भागाकार करा: फक्त संथ आसनांवर एक किलो उतरायला तीन महिने लागतात, तेही खाणं कणभर वाढलं नाही तर. तीन महिन्यांनी "काटा हलत नाही" म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत, हे यातून कळतं.

म्हणून वजनाचं काम तिपाईवर ठेवायचं. एक पाय आसनांचा, दुसरा चालण्याचा, तिसरा ताटाचा. आसनं बाकीच्या दोन्ही पायांना आधार देतात. गुडघे आणि कंबर सैल झाली की चालणं जमतं, झोप लागली की रात्रीचं चरणं कमी होतं.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. पोटाची आसनं केल्यानं फक्त पोटाची चरबी जात नाही. चरबी सगळ्या अंगातून कमी होते, आणि कुठून आधी हे शरीर ठरवतं. घाम आला म्हणजे चरबी वितळली असंही नसतं. घामानं उतरलेलं वजन तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं.

टप्पा १: मोजमाप आणि डॉक्टर

पहिलं आसन करायच्या आधी एक साधी वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर पाच आकडे हवेत.

१. वजन. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आठवड्यातून एकदाच. रोज काट्यावर उभं राहू नका. मीठ, पाणी, पाळी, रात्रीचं जेवण यांनी वजन दिवसाला एक-दीड किलो वरखाली होतं आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

२. कमर. शिंप्याची टेप घ्या. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप गुंडाळा, श्वास सोडा, मग आकडा वाचा. पुरुष मंडळी पँटचा नंबर सांगतात. तो चालत नाही, कारण पँट पोटाखाली बसते. पुरुषांची कमर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे असेल तर धोक्याची रेषा ओलांडलीय असं समजायचं, वजन कितीही असो.

३. बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. आपल्याकडच्या माणसांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. परदेशी तक्त्यातले २५ आणि ३० हे आकडे पाहून निश्चिंत होऊ नका.

४. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं.

५. एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं. भिंतीजवळ उभं राहूनच बघा.

शेवटचे दोन आकडे लोक टाळतात. पण पहिल्या महिन्यात काटा फारसा हलत नाही, तेव्हा हेच दोन आकडे वाढलेले दिसतात आणि माणूस टिकतो.

सावधान: खालीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग आसनं.

- रक्तदाब वाढलेला किंवा हृदयाचा त्रास: श्वास रोखून धरणं, जोरकस कपालभाती, सर्वांगासन, हलासन बंद.
- काचबिंदू: डोकं खाली जाईल असं काहीही नाही. त्यात पादहस्तासन (उभ्यानं पुढे वाकून हात पावलांपाशी) आणि पर्वतासनही (हात-पाय टेकून कंबर वर उचललेली) आलं, म्हणजे नेहमीचे सूर्यनमस्कारही नाहीत.
- हर्निया किंवा पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया: कपालभाती, नौकासन, धनुरासन नाही.
- मणक्यातली सरकलेली चकती (स्लिप डिस्क), पायात मुंग्या: पुढे वाकणं बंद.
- मानेचा स्पाँडिलोसिस: मानेवर भार येणारं कुठलंच आसन नाही.
- मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी: उपाशीपोटी व्यायाम करता येईल का हे विचारून घ्या आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवाच.
- गरोदरपण: हा लेख तुमच्यासाठी नाही. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं. त्या काळातला योगाभ्यास वेगळा असतो.

टप्पा २: वेळ, जागा, पोट

भरपेट जेवणानंतर साडेतीन-चार तास, हलक्या खाण्यानंतर दोन तास जाऊ द्या. सकाळी उठल्यावर कोमट पाणी पुरे. अर्धा कप चहा घेतल्याशिवाय ज्यांचं पोट साफ होत नाही त्यांनी तो घ्यावा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सहाला आसनं करणाऱ्यांनी दुपारचं जेवण दोनच्या आत उरकावं.

जागा सपाट हवी. टाइल्सवर नुसती चादर घातली की पर्वतासनात हात सरकतात. जाड गादीवर मनगट वाकतं. साधी सहा मिलिमीटरची मॅट किंवा घट्ट विणीची सतरंजी बरी. पावसाळ्यात आपल्याकडे फरशी ओल धरते. मॅटखाली आधी कोरडं फडकं फिरवा. रंकाळ्यावर किंवा बागेत ओल्या हिरवळीवर नमस्कार घालू नका. माझ्या डोळ्यांदेखत दोघे घसरलेत.

तपासणी: सुरू करण्याआधी स्वतःला विचारा. पोट हलकं आहे? पाय कोरडे? मोबाइल दुसऱ्या खोलीत? तिन्हींना हो, तरच पुढे.

टप्पा ३: त्या एका तासाचा क्रम

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. कपालभाती पहिली, मग जमेल तितके नमस्कार, मग ऑफिसची वेळ झाली म्हणून शवासन रद्द. बरोबर क्रम याच्या जवळपास उलटा आहे. आयुष मंत्रालयाच्या ४५ मिनिटांच्या सामान्य योग अभ्यासक्रमातही आधी सांधे सैल करणं, मग आसनं, शवासन, आणि कपालभाती-प्राणायाम त्यानंतर असाच क्रम आहे.

३.१ अंग सैल करणं, ८ मिनिटं

मान डावी-उजवी आणि वर-खाली (गरागरा फिरवू नका), खांदे, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. शेवटी जागच्या जागी दोन मिनिटं चाल. हे वगळलं तर काय होतं ते मी भोगलंय. एका जानेवारीत उशीर झाला म्हणून थंड अंगानं थेट नमस्कारांना हात घातला. सातव्या नमस्कारात मांडीमागचा स्नायू ओढला गेला आणि सहा आठवडे पुढे वाकता आलं नाही. आठ मिनिटं वाचवायला गेले आणि दीड महिना गेला. तेव्हापासून माझ्या वर्गात उशिरा येणारा माणूस नमस्कार चुकवतो, पण अंग सैल करणं चुकवत नाही.

३.२ सूर्यनमस्कार, १० ते २० मिनिटं

कुणी दहा आकड्यांत घालतं, कुणी बारा. कुठलेही घाला, पण मोजणी एकच ठेवा. एका नमस्कारात उजवा पाय मागे, पुढच्यात डावा; दोन मिळून एक जोडी. मी जोड्यांतच मोजते, म्हणजे एका बाजूला जास्त भार येत नाही.

गेल्या वर्षी वर्गात आलेल्या एका काकूंनी तिसऱ्याच दिवशी घरी ५१ नमस्कार घातले. चौथ्या दिवशी आल्या त्या उजवं मनगट धरून. सूज स्पष्ट दिसत होती. मनगट बरं झाल्यावर मी त्यांना फक्त पर्वतासनात उभं केलं आणि तळव्याकडे बघितलं. सगळा भार मनगटाच्या टाचेवर, बोटं हवेत उचललेली, तर्जनीखालून कागद सरकेल इतकी फट. मी म्हटलं, "काकू, तर्जनीचं मूळ मॅटमध्ये दाबा, इतकं की नख पांढरं पडलं पाहिजे." नख पांढरं पडलं, कोपर जरा आत आला, खांदे कानांपासून लांब गेले आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "अगं, हातावरचं ओझंच गेलं की." पुढचे तीन आठवडे त्यांनी नमस्कार भिंतीवर आणि खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून घातले. खुर्ची भिंतीला टेकवलेली, म्हणजे सरकत नाही. मग जमिनीवर तीन जोड्या. आज बारा जोड्या घालतात आणि मनगट दुखत नाही.

बाकीच्या नेहमीच्या चुका अशा.

पादहस्तासनात हात जमिनीला टेकवायच्या हट्टापायी पाठ कमानीसारखी होते. गुडघे वाकवा, बिनधास्त वाकवा. पोट सुटलेलं असेल तर पावलं जुळवू नका. कंबरेइतकं अंतर ठेवलं की पोटाला जागा मिळते आणि श्वास कोंडत नाही. एवढा एक बदल केला तरी निम्म्या लोकांची धाप कमी होते.

अश्वसंचालनासनात (एक पाय पुढे, दुसरा लांब मागे) परत येताना पाऊल दोन हातांच्या मध्ये पोचत नाही, अर्ध्यावरच पडतं. मग गुडघा पावलाच्या पुढे जातो आणि दुखतो. पोचत नसेल तर हातानं घोटा धरून पाऊल पुढे आणा. यात लाजण्यासारखं काही नाही.

भुजंगासनात कोपर ताठ करून छाती आभाळाकडे फेकायची नाही. कोपर वाकलेले, बेंबी जमिनीजवळ, खांदे खाली. कमरेत चिमटा बसला तर तुम्ही जास्त वर गेलाय. तालमीत जोर मारलेल्या मंडळींना पर्वतासनातून भुजंगात येण्याची चाल ओळखीची वाटते आणि ती पटकन जमतेही. पण तालमीतला वेग इथं आणू नका; प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबा.

तपासणी: नमस्कार घालताना "एक, दोन, तीन" मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. आवाज तुटत असेल तर वेग जास्त आहे. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे.

३.३ ताकदीची आसनं, १५ मिनिटं

वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते थांबवायचं असेल तर स्नायूंना काम द्यावं लागतं, म्हणून हा भाग वगळू नका. उत्कटासन (अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं), वीरभद्रासन दोन्ही बाजूंनी, फलकासन (प्लँक), सेतुबंधासन आणि शलभासन एवढी पाच पुरेत.

मोजणी सेकंदांची नको, श्वासांची ठेवा. सुरुवात पाच श्वासांनी, दोन फेऱ्या. फलकासनात कंबर खाली झुलत असेल तर गुडघे टेकवा. झुलत्या कमरेनं मिनिटभर थांबण्यापेक्षा गुडघे टेकून तीन सरळ श्वास कितीतरी बरे. उत्कटासनात गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका आणि टाच उचलू नका.

शीर्षासन, चक्रासन, मयूरासन यांचा वजनाशी काही संबंध नाही. फोटोसाठी ती शिकायची घाई नको.

३.४ बसून आणि झोपून, ७ मिनिटं

अर्धमत्स्येंद्रासन, पवनमुक्तासन, बालासन. गुडघे दुखत असतील तर वज्रासन सोडा, खुर्चीवर बसा.

३.५ शवासन, ५ मिनिटं

घाईत हेच पहिलं कापलं जातं. नाडी खाली येऊ द्या, श्वास संथ होऊ द्या, मग कुशीवर वळून उठा. तडक उठलं तर चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना.

३.६ कपालभाती आणि प्राणायाम, १० मिनिटं

कपालभाती २०-३० ठोक्यांच्या दोन-तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. श्वास बाहेर टाकताना पोट आत, घेणं आपोआप. खांदे उडत असतील, चेहरा वाकडा होत असेल तर थांबा. मग अनुलोम-विलोम पाच मिनिटं, श्वास न रोखता. हे सगळं बसल्या जागी होतं, त्यामुळे चरबी जाळायला त्याचा उपयोग नगण्य. मन शांत करायला आणि श्वासाची शिस्त लावायला मात्र भरपूर. त्या कामासाठीच ते करा.

सावधान: छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही झालं तर शवासनात पडून राहू नका. लगेच दवाखाना.

टप्पा ४: बारा आठवड्यांची चढण

पहिले दोन आठवडे तीन जोड्या. तिसरा-चौथा सहा जोड्या. पाचव्यापासून आठव्यापर्यंत नऊ. नवव्यापासून बारा जोड्या, म्हणजे २४ नमस्कार. आसनांतले श्वास याच चालीनं पाचावरून आठ, मग दहा. आठवड्यात पाच दिवस करा. सलग सात दिवसांचा अट्टहास महिनाभरात मोडतो आणि मोडला की माणूस अख्खं सोडून देतो.

पुढची पायरी चढण्याआधी एक नियम. स्नायूंचा ठणका दोन दिवसांत जातो, त्याला घाबरू नका. पण सांध्यातलं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर एक पायरी खाली उतरा आणि आठवडाभर तिथंच राहा. रथसप्तमीला सगळीकडे १०८ नमस्कारांचे कार्यक्रम असतात. तुमचे २४ पक्के झाले नसतील तर तिथं जा, जमतील तेवढे घाला आणि बाकीचे बघा.

टप्पा ५: चालणं

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम असा आहे. ताकदीचं काम वरच्या आसनांनी होतं. मिनिटांसाठी पाच दिवस ३० ते ४५ मिनिटं चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, असा वेग. रंकाळा, राजाराम तलाव, विद्यापीठाचा परिसर, कुठंही. मैत्रिणीबरोबर गप्पा मारत, मध्ये कट्ट्यावर टेकत मारलेली फेरी मनाला चांगली, पण ती या मिनिटांत धरू नका.

आसनं सकाळी आणि चालणं संध्याकाळी ठेवलं तर दोन्ही टिकतात. पाठोपाठ करायचंच असेल तर आधी चाला, मग आसनं. जून ते सप्टेंबर बाहेर पडणं कठीण होतं, तेव्हा घरातल्या घरात दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. गुडघे ठीक असतील तर जिना, नाहीतर हॉलमध्ये येरझाऱ्या. रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढलात तर छानच, पण सोमवार ते शुक्रवारची भरपाई त्यातून होत नाही.

टप्पा ६: ताट

इथं जरा जास्त वेळ थांबते, कारण आपल्या कोल्हापुरात सगळे कष्ट इथंच बुडतात.

पहिली गोष्ट, दूधकट्टा. सकाळचा व्यायाम उरकून गंगावेशीत जायचं आणि समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायचं ही गावाची जुनी सवय. २०० मिलिलिटरच्या एका ग्लासात दोनशेच्या वर कॅलरी असतात. पाऊण तासाच्या आसनांचे १४० कधी फिटले आणि वर कधी चढले ते कळतही नाही. दूध सोडा असं मी म्हणत नाही, नाश्त्याच्या हिशोबात धरा म्हणते. आणि उकळूनच प्या. कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, मग ते कितीही ताजं असो.

दुसरी, पैलवानाचा खुराक. आपल्या घराघरांत कुणीतरी तालमीत गेलेलं असतं, त्यामुळे "व्यायाम करतोस तर खा की" हे प्रेमानं म्हटलं जातं. बदामाची थंडाई, तूप, दूध हे दिवसातून दोन वेळा लाल मातीत तासन्‌तास घुमणाऱ्या पोराचं अन्न आहे. बारा जोड्या नमस्कारांना ते लागत नाही. आईला किंवा सासूबाईंना हे कसं सांगायचं हा खरा प्रश्न. मी वर्गातल्या बायकांना सांगते, "डॉक्टरांनी तीन महिने सांगितलंय" म्हणा. बहुतेक ठिकाणी ते खरंही असतं.

तिसरी, तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. मिसळीच्या कटातून असे दोन चमचे सहज पोटात जातात, म्हणजे पाऊण तासाचं झपझप चालणं. मिसळ महिन्यातून दोनदा ठेवा, मटकी जास्त आणि कट कमी मागा, फरसाण वेगळं द्यायला सांगा, आणि पावाच्या स्लाइस दोनवर थांबवा. घरचं तेल मोजायचं असेल तर रोजचा चमचा मोजत बसू नका. महिन्याला किती पिशव्या लागल्या ते बघा आणि घरातल्या डोक्यांनी भागा. डोई अर्धा लिटरच्या आसपास आणायचं. आमच्या ओळखीतल्या एका चौघांच्या घरी पाच पिशव्या लागत होत्या. फोडणी आधी चमच्यानं मोजून घालायला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात अडीचवर आल्या. चवीत फरक पडला तो पहिले दहा दिवस.

मटणाच्या दिवशी अळणी रस्सा आणि फोडी घ्या, तांबडा वाटीभर घ्या, पांढऱ्याची दुसरी वाटी नको. त्यात नारळाचं दूध असतं, ते हलकं लागलं तरी हलकं नसतं. भाकरी आणि भात यांतलं एकच. आणि गूळ: आपला गूळ कितीही चांगला असला तरी कॅलरीत तो साखरेच्या बरोबरीचाच. गुळाचा चहा तीन वेळा घेऊन साखर सोडल्याचं समाधान मानू नका.

काय कमी करायचं हे झालं. वाढवायचं ते प्रथिन. दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ७५ किलोला ६० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. मोडाची मटकी, दही, मासे, चिकन, चणे यांतून ते भरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवू नका.

जेवण टाळू नका. सकाळी उपाशी राहून दुपारी चारला भेळेच्या गाडीवर तुटून पडणारे मी रोज बघते. रात्रीचं जेवण आठच्या आत उरकलं की पुढची निम्मी लढाई सोपी होते.

टप्पा ७: दर चार आठवड्यांनी तपासणी

वहीतले पाचही आकडे पुन्हा घ्या. आठवड्याला सरासरी अर्धा किलो उतरलं तर उत्तम चाललंय. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर फार हुरळू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. बारा आठवड्यांत वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ७५ किलोला पावणेचार किलो, एवढ्यानंही साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसू लागतो.

वजन तेवढंच पण कमर दोन सेंटिमीटर कमी, खुर्चीवरून उठणं दहावरून चौदा, असं असेल तर काही बदलू नका. चरबी जातेय, स्नायू टिकतायत.

काहीच हललं नसेल तर या क्रमानं शोधा. आधी तेलाच्या पिशव्या. मग शनिवार-रविवारचं खाणं, सलग दोन आठवडे लिहून काढा. मग झोप, सहा तासांपेक्षा कमी असेल तर भूक वाढतेच. मग उरलेला दिवस: सकाळी तासभर व्यायाम आणि पुढे दहा तास गल्ल्यावर किंवा खुर्चीत बसून असाल तर दर तासाला उठून पाच मिनिटं चाला. हे सगळं ठीक असेल तरच रक्त तपासा, थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घ्या आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. पण स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही.

सावधान: वजन उतरायला लागल्यावरही एक चूक होते. चार-पाच किलो कमी झाले की रक्तदाबाचा किंवा साखरेचा जुना डोस कधी कधी जास्त पडतो. उठताना चक्कर, हातापायाला कंप, अचानक घाम, सकाळच्या आसनांत डोळ्यांपुढे काळोखी, असं काही जाणवलं तर "योगानं अशक्तपणा आला" असं म्हणून वर्ग सोडू नका. घरच्या यंत्रावर रक्तदाब किंवा साखर मोजा, आकडा वहीत लिहा आणि ती वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.